शिंदीच्या पातीचा खुळखुळा

दहिवली, कर्जत
ता. ३ ऑगस्ट १९४३

ती. गोदूमावशी यांना सुंदराचा पाया पडून नमस्कार.

माझं नाव ऐकून तुम्ही उठून आत जाल. आबाजी मास्तर, तरी तुम्ही वाचत राहा. जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे त्यांना चुलीपाशी ऐकू जाईल.

ठमी बरी आहे. हे आधी लिहिते, कारण तुमचा जीव तिथंच अडकलेला असणार. बकरीचं दूध पचतंय. नाकीडोळी अगदी तुमच्या लेकीसारखी, चिमाताईंसारखी आहे, असं त्यांना पाहिलेली सगळी माणसं सांगतात. मी काही त्यांना पाहिलं नाही.

ठमीला आणली तो दिवस मी विसरलेली नाही. फाल्गुनात चिमाताई बाळंतपणात गेल्या, तेव्हापासून पोर तुमच्या मांडीवर वाढली. माझं लग्न लागलं आणि लगेच आम्ही तिला घ्यायला खालापूरला आलो. तुम्ही तिला माझ्या हातात दिलं नाही. जमिनीवर ठेवलं आणि म्हणालात, "घेऊन जा. पन पोरीला खरचटलं तरी मला हितं कळंल. मग मी कुनाला सोडायची नाय." ते शब्द माझ्याबरोबर गाडीत बसून आले. अजून घरातच आहेत.

मी माहेरी शेंडेफळ. तान्हं मूल कधी हातात घेतलं नव्हतं. आमचे हे रेल्वेच्या गँगवर, पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात म्हणून आठ-आठ दिवस तिकडेच असतात. घरात मी आणि ठमी. मी तिला सारखी झोळीत ठेवते. झोळीला बाजूनं गाठी मारते, म्हणजे पडायला नको. भुईवर ठेवली तर मुंगी चावेल. हातात पळी दिली तर डोळ्यात जाईल. चिंध्यांची बाहुली केली होती, पण तिचा दोरा सुटलेला दिसला आणि तो हिच्या घशात गेला तर, असं वाटून बाहुली चुलीत टाकली. झोळीला कवड्यांची माळ बांधली होती, ती रात्र व्हायच्या आत सोडली. कर्जतच्या बाजारात पूर्वी जपानी खुळखुळे मिळायचे, ते लढाईमुळं येईनासे झाले. ते येत नाहीत याचं मला बरंच वाटलं. घ्यायचा की नाही हे ठरवावं लागलं नाही.

काल अंबाबाई सुईण आली होती. तिनं ठमीच्या तळहातावर बोट ठेवलं. ठमीनं ते धरलं नाही. छताकडं बघत पडून राहिली. अंबाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "पाच म्हयन्याची पोर हाय गं ही. हिला अशी बांदून ठेवलीस तर अंग धरायची नाय. सोड तिला खाली. हातात कायतरी दे, बोल तिच्याशी, खेळव."

"काय देऊ?" मी विचारलं.

"मला काय इचारतेस? जिनं तीन म्हयने वाढवली तिला इचार."

म्हणून विचारते, मावशी. तुमच्याकडं ती कशाशी खेळायची? कशानं हसायची? इथं आल्यापासून ती हसलेली मी पाहिलेली नाही. रडतही नाही फारशी. शेजारच्या इंदूबाई म्हणतात, किती गुणी पोर. मला त्या गुणीपणाची भीती वाटते.

तुमची म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
सुंदरा


दहिवली
ता. २७ ऑगस्ट १९४३

ती. गोदूमावशींना सुंदराचा नमस्कार पोचावा.

कोंडाजी गाडीवानानं खुळखुळा आणून दिला. "निरोप काय?" म्हटलं, तर म्हणाला, "कायच नाय. हातात दिला नि दार लावलं." चालेल. खुळखुळा आला यातच मला पुष्कळ मिळालं.

शिंदीच्या पातीचा एवढा सुबक खुळखुळा मी पाहिलेला नाही. तुम्ही स्वतः विणलात, हे कोंडाजीकडून कळलं. मी तो आधी उन्हात धरून बघितला, वास घेतला, दांडीचं टोक टोचतं का म्हणून स्वतःच्या गालावर घासून पाहिलं. हसू नका. मग झोळीजवळ बसले आणि हळूच हलवला.

मावशी, ठमीनं मान वळवली!

छताकडून तिनं माझ्याकडं बघितलं, मग खुळखुळ्याकडं. मी तो उजवीकडं नेला, तिचे डोळे उजवीकडं आले. आवाज फार मऊ आहे त्याचा, कोरड्या पानांवरून कुणी चालल्यासारखा. तिनं दोन्ही हात वर केले. मी झोळीच्या गाठी सोडल्या आणि तिला गोधडीवर ठेवलं. तिनं खुळखुळा धरला, तोंडाकडं नेला, नाकावर आपटून घेतला, आणि मला वाटलं आता रडणार. ती हसली. आवाज काढून हसली. मी इंदूबाईंना हाक मारायला धावले आणि उंबऱ्यातूनच परत फिरले. तेवढ्यात तिला काही झालं तर?

आता रोज गोधडीवर असते. परवा पालथी पडली. खुळखुळा लांब ठेवला की त्याच्याकडं सरकायला बघते, पोटावर गोल फिरते आणि उलट्या बाजूला जाते. मग चिडते. तिला चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. रात्री खुळखुळा जवळ लागतो. मी मात्र त्याची दांडी धरून झोपते.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहू की नको कळत नाही. विहिरीवर बायका बोलत होत्या. मी आले तशा गप्प झाल्या. नंतर इंदूबाईंनी सांगितलं की, तुमच्या गावाकडून बोलणं आलंय, पोरीला काही झालं तर चिमाची आई चौकीवर जाणार, सावत्र आईनं मारली म्हणून सांगणार. मावशी, हे खरं असलं तरी मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मीही असंच म्हटलं असतं. फक्त आता पाणी भरताना बायका माझ्या कडेवरच्या ठमीला निरखून बघतात. कुठं काळंनिळं दिसतंय का, म्हणून. मीही घरी येऊन बघते.

सुंदरा


कर्जत, दवाखान्याची पडवी
ता. २१ सप्टेंबर १९४३

ती. गोदूमावशींना नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. पाऊस ओसरला आहे. भात पोटरीत आहे. ठमी मजेत आहे, खुळखुळ्याशिवाय तिला चैन पडत नाही. सहज एक विचारायचं होतं. खुळखुळ्यात गुंजा घातल्या होत्या त्या साधारण किती होत्या? सहजच विचारते. कोंडाजीबरोबर उलट निरोप

मावशी, वरचं सगळं खोटं आहे. ठमी मजेत आहे की नाही ते मला माहीत नाही. ती माझ्या मांडीवर झोपली आहे आणि मी तिच्या पोटावर डावा हात ठेवून, कागद गुडघ्यावर घेऊन लिहिते आहे. सहज विचारलं तर तुम्ही सहज उत्तर पाठवाल, उशिरानं. आणि उशीर करायला वेळ नाही.

सकाळी ठमी गोधडीवर खेळत होती. मी तिथंच, हातभर अंतरावर, तांदूळ निवडत होते. पाठ तिच्याकडं नव्हती. देवाशपथ नव्हती. पण डोळे सुपात होते. खुळखुळ्याचा आवाज येत होता तोवर मला धीर होता. मग आवाज थांबला.

वर बघितलं तर पात उसवलेली. रोज चोखून चोखून ती भिजली होती, मऊ पडली होती, ते मला दिसायला हवं होतं. गोधडीवर लालभडक गुंजा सांडल्या होत्या. एक तिच्या मुठीत होती. एक ओठाला लाळेनं चिकटली होती.

मला तोवर ठाऊक नव्हतं आत काय आहे. खडे असतील, चिंचोके असतील असं धरून चालले होते. गुंजा बघितल्या आणि मी तिच्या मुठीतली हिसकावून घेतली. आमच्या माहेरी गुंजा वाटून त्यांच्या सुया केल्या होत्या कुणी, आणि शेजाऱ्याचा बैल मारला होता. लहानपणी मी तो बैल बघितलाय.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. आत काहीतरी टणक लागलं. गुंजच, असं समजून मी ती काढायला गेले, निघेना. ठमी किंचाळली. मी तिला उजेडाला नेऊन तोंड उघडून बघितलं. खालच्या हिरडीत दात आला होता. पहिला दात, मावशी. एरवी मी गल्लीभर सांगत फिरले असते.

तिला घेऊन कर्जतला पळत आले. डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले. मला विचारलं, "दात आलेत का?"

"एक. आजच कळलं."

ते म्हणाले, "गुंज अख्खी गेली असेल तर अख्खीच बाहेर पडेल, काही होणार नाही. टरफल फार टणक असतं. पण ते फुटलं असेल, चावलं गेलं असेल, तर आजउद्यात दिसेल. उलट्या होतील, जुलाबात रक्त पडेल. मग तिला ताबडतोब इथं आणा. आत किती गुंजा होत्या, किती सापडल्या?"

सापडल्या अकरा. पळण्याआधी तिला कडेवर घेऊन मी गोधडी झाडली, जमीन हातानं चाचपली, तांदूळ पुन्हा निवडले, खुळखुळा पाती-पातीनं सोडला. अकराच. आत किती होत्या ते जगात एका माणसाला माहीत आहे.

अकराच होत्या असं तुम्ही सांगितलंत तर ठमीनं काहीच गिळलेलं नाही. म्हणून हे पत्र. हे पत्र लिहिलं म्हणजे मी माझ्या हातानं तुमच्या हातात काय देते आहे ते मला समजतं. सावत्र आई, घरात दुसरं कुणी नाही, आणि पोरीच्या पोटात गुंज. चौकीवर कुणीही एवढ्यावर विश्वास ठेवेल. न कळवता गप्प बसावं, असंही पडवीत बसल्यावर मनात आलं. काही झालं नाही तर कुणाला कळणारही नाही, असं वाटलं. मग ठमी झोपेत उचकली आणि मी कोंडाजीला थांबवायला रस्त्यावर धावले.

मास्तर, हात जोडते, हे घाईनं वाचा आणि आकडा कोंडाजीला तोंडी सांगा. तो बैल न सोडता परत फिरतो म्हणाला आहे.

सुंदरा


दहिवली
ता. १० ऑक्टोबर १९४३

आबाजी मास्तरांना नमस्कार.

हे पत्र गोदूमावशींच्या सांगण्यावरून लिहिते आहे. जाताना त्या मला म्हणाल्या, "माज्या तोंडून गावातल्या बाया ऐकायच्या नाय. मीच त्यांना तुजं काय काय सांगून ठेवलंय. तू लिही, मास्तर पडवीत बसून वाचतील." तेव्हा बाया जमल्या असतील तर वाचा. पत्राच्या शेवटी थोडं फक्त मावशींसाठी आहे, ते त्या गेल्यावर.

बायांनो, त्या दिवशी मी दवाखान्यातून ठमीला घेऊन घरी आले, ती दारातच बसून राहिले, रस्त्याकडं तोंड करून. ठमीला काही होत नव्हतं आणि त्याचाही मला धीर वाटत नव्हता. जरा कुंथली की मी तिला उताणी करून पोट बघायची. दूध पाजलं, थोडं तोंडातून आलं. रोजच येतं. पण मला वाटलं, सुरू झालं. इंदूबाईंना सगळं सांगितलं, आणि मग गल्लीत सगळ्यांना कळलं. बायका आल्या, अंगणात उभ्या राहिल्या, कुणी आत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजीची गाडी आली. निरोप घेऊन कोंडाजी येणार होता. गाडीतून गोदूमावशी उतरल्या.

मला वाटलं, पोर न्यायला आल्या. नाहीतर चौकीवर जाऊन आल्या. मी ठमीला छातीशी धरून मागं सरकले. अंगणातल्या बायकांनी त्यांना वाट करून दिली. एकजण म्हणालीसुद्धा, "बघा गोदूबाई, तुमी म्हनत व्हता तेच झालं."

मावशी तिच्याकडं वळल्या. "काय झालं? कुनी केलं?" त्यांचा आवाज बसला होता. "गुंजा मी घातल्या. ह्या हातानं बांधावरच्या वेलाच्या तोडल्या नि ह्या हातानं घातल्या. चिमाला खड्यांचा आवाज आवडायचा नाय म्हनून गुंजा. चिमाच्या येळला माजी वीण घट्ट व्हती. आता बोटं चालत नायत, तरी मी ईनला, कारन दुसऱ्या कुनाचा खुळखुळा माज्या नातीच्या हातात जायला नको व्हता. आता सांगा, कुनाला धरायचं?"

त्या आत आल्या. मी पहिलं हेच विचारलं, "किती होत्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भुईवर बसल्या. "मोजून कोन घालतं गं? तळव्याच्या खळग्यात मावल्या तेवढ्या घातल्या."

त्या अकरा गुंजा मी वाटीत ठेवल्या होत्या, त्या मागून घेतल्या. तळहातावर ओतल्या आणि हळूहळू मूठ मिटली. डोळे बंद केले. मूठ हलवून बघितली, पुन्हा उघडून पुन्हा मिटली. मग त्या म्हणाल्या, "पोकळ लागतीय. एखादी कमी हाय."

बायांनो, एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. तोवर अकरा हा आकडा माझ्या बाजूनं होता. पण खरं सांगायचं तर, त्या शब्दानंतर मी एकटी नव्हते. आम्ही दोघींनी मिळून पोरीवर डोळे लावले. एकीनं पाजायचं, एकीनं दुपटं बघायचं. प्रत्येक दुपटं आम्ही उन्हात नेऊन काडीनं बघितलं, यात लाज कसली. संध्याकाळी ठमीला थोडा ताप चढला. मावशी म्हणाल्या, दाताचा असेल. मी म्हणाले, असेल. दोघींनाही ते खरं वाटलं नाही. मावशी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "चिमा, मी मुद्दाम नाय केलं गं." मी ते ऐकलं आणि मला पहिल्यांदा समजलं की ही बाई माझ्याहून जास्त घाबरलेली आहे.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही खरंच चौकीवर जाणार होतात?"

"कुनाचं नाव सांगू आता?" त्या म्हणाल्या. "मास्तरांनी गुंजा म्हटलं, नि पुढचं मी ऐकलंच नाय. गाडीत येऊन बसले."

सकाळी ताप उतरला. दुपारच्या दुपट्यात गुंज सापडली. मावशींना आधी दिसली. त्यांनी ती पाण्यात धुतली, उजेडाला धरली, नखानं चाचपली. माझ्या हातात दिली. मीही बघितली. कुठं चीर नव्हती. काळा ठिपका होता तसा, लाल होती तशी. अख्खी.

मावशी हसायला लागल्या आणि मग त्यांना थांबता येईना. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मी विचारलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. ठमी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. आणखी दोन दिवस आम्ही तशाच बघत राहिलो. दुसरी निघाली नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं, आता काळजी नको. बाराही गुंजा मावशींनी स्वतः चुलीत टाकल्या आणि जळेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.

ठमीचे वडील घाटातून आले ते चौथ्या दिवशी. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी त्यांना बाहेर नेलं. काय बोलल्या मला माहीत नाही. ते आत आले, ठमीला उचललं, आणि मला म्हणाले, "तू जेवलीस का?" लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं.

एवढंच. बायांनो, आता घरी जा.

मास्तर, यापुढचं फक्त मावशींना.

मावशी, तुम्ही कोंडाजीकडून विचारलंत की दिवाळीला येताना ठमीला काय आणू. तुम्ही म्हणे बाजारात जाऊन लाकडी पोपट बघून आलात, आणि रंग सुटेल म्हणून घेतला नाही. मग पितळी घुंगरू बघितलं, आणि ते गिळेल म्हणून ठेवून दिलं. कोंडाजी सांगत होता, दुकानदार वैतागला. मला फार बरं वाटलं. मी एकटीच वेडी नाही.

भीती काही गेलेली नाही. आता ठमी पुढं सरकायला लागली आहे आणि उंबरा तिला खुणावतो. पण झोळीच्या गाठी मी मारत नाही. मी काम करते ती तिच्याकडं तोंड करून, जमिनीवर बसून. परातीत दोन बोटं पाणी घालून देते, त्यात ती हात आपटते आणि दोघींना भिजवते. मोठी लाकडी पळी देते, गिळता येणार नाही अशी. आणि मी तिच्याशी बोलते. आधी मला ते जमत नव्हतं. तान्ह्या पोरीशी काय बोलायचं? आता मी तिला भाताचं सांगते, घाटातल्या दरडींचं सांगते, तुमचं सांगते.

पण तिला सगळ्यात काय आवडतं ते सांगू? मी तोंडावर पदर घेते. तिचा चेहरा उतरतो. खालचा ओठ बाहेर येतो, तो एकटा दात दिसतो. ते मला बघवत नाही, पदराआडून सुद्धा बघवत नाही. पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा मी लगेच थांबले, वाटलं, हिला कशाला पुन्हा असं घाबरवायचं? एक आई गेली. तुम्ही होतात, तुम्हीही एका दिवसात दिसेनाशा झालात. तिच्या लेखी माणसं अशीच जातात. पण तिनंच माझा पदर ओढला. मी कुक् केलं आणि ती अशी हसली की तिची उचकी थांबेना. मग पुन्हा पदर माझ्या तोंडावर टाकायला लावला. दिवसातून कितीदा तरी करते. आता ओठ काढत नाही, वाट बघते.

तेव्हा दिवाळीला या. आठ दिवस राहायला या. पोपट नको, घुंगरू नको, बाजारात जाऊन दुकानदाराला त्रास देऊ नका. कोंडाजीला मी सांगून ठेवलं आहे. अंगणात गाडी थांबली की लगेच आत येऊ नका. दाराशी उभं राहून तोंडावर पदर घ्या. मी तिला कडेवर घेऊन पुढं येईन.

तुमची
सुंदरा